आजाऱ्याच्या दारात पोलीस कशाला?

आमच्या मोहल्ल्यात एखाद्याचे डोके फिरले की दोघांनाच बोलावण्याची रीत आहे. आधी आमिल येतो. त्याच्याने भागले नाही की पोलीस येतो. एकाच्या हातात लोबानचे धुपाटणे, दुसऱ्याच्या हातात काठी. दोघांचे आपसात काही साटेलोटे नाही, तरी दोघांचा पहिला हुकूम एकच असतो, 'धरा रे याला!' मग दोरी येते, ओढणी येते, कुणाच्या तरी बैलाचे दावे येते. डॉक्टरचा नंबर तिसरा. तोही दिवस उजाडल्यावर, रिक्षाला पैसे जमले तर. आणि ज्याने या सगळ्यांच्या आधी यायला हवे, तो चौथा माणूस आमच्याकडे येतच नाही, कारण असा कोणी असतो हेच कोणाला ठाऊक नाही. मला आज त्या चौथ्या माणसासाठी भांडायचे आहे. भांडण सरकारशी आहे, पोलिसांशी आहे आणि त्याहून थोडे जास्त आपल्याच लोकांशी आहे.

मी शेंद्र्याजवळच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शेंद्रा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे स्कोडाचा कारखाना, ऑरिकचे रुंद रस्ते आणि जालना रोडवरून वळणारे कंटेनर येत असतील. आमच्या डोळ्यांपुढे पत्र्याच्या खोल्या येतात. एका खोलीत सहा जण, बाहेर सामाईक नळ, आणि तीन पाळ्यांप्रमाणे तीन वेळा पेटणारा स्टोव्ह. वर्गात मुलांना विचारले, 'तुम्हारे अब्बा क्या करते?' तर ऐंशी टक्के मुले एकच उत्तर देतात, 'कंपनी में हैं'. कोणत्या कंपनीत, हे मुलांना सांगता येत नाही, कारण अब्बा कंपनीचे नसतातच. ते ठेकेदाराचे असतात. आज या गेटवर, सहा महिन्यांनी त्या गेटवर.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा असेच ठेकेदाराकडे सुट्या भागांच्या पॅकिंगवर होते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सलग रात्रपाळ्या झाल्या, मग एकदम ब्रेक मिळाला. घरी बसले. झोप गेली. पंधरा दिवसांनी म्हणू लागले की भिंतीत कॅमेऱ्याच्या वायरी टाकल्या आहेत. बायकोने आईला सांगितले, आईने शेजारणीला, शेजारणीने निदान केले, 'असर है'. एका जुमेरातीला आमिलसाहेब आले. मिरच्यांची धुरी दिली, मानेवर छडी मारली, उताऱ्याचे साडेतीन हजार घेतले. त्याच रात्री हा माणूस लोखंडी सळई घेऊन गल्लीत उभा राहिला आणि भिंती ठोकू लागला. त्याने कोणाला मारले नाही. भिंतीच ठोकत होता. पण बायका-मुले घाबरली, कोणीतरी ११२ फिरवला, आणि जीप आली.

पुढचे मी त्याच्या बायकोकडून ऐकले आहे. शेजाऱ्यांनी त्यात काही कमी-जास्त केले नाही, उलट तेच सांगितले. दोन पोलीस उतरले. एकाने लांबूनच दरडावले, 'ए, सळई टाक!' ज्या माणसाला आधीच वाटत होते की आपल्याला धरायला येणार आहेत, त्याच्यापुढे खरोखरच धरणारे येऊन उभे राहिले. त्याने सळई आणखी घट्ट धरली. मग जे व्हायचे ते झाले. काठ्या पडल्या, सळई पडली, हात मागे बांधले गेले. बायको म्हणत होती, 'साहब, बीमार हैं वो.' उत्तर मिळाले, 'बीमार आहे तर दवाखान्यात न्यायचा, गल्लीत कशाला सोडला?' रात्रभर ठाण्याच्या बाकाच्या पायाला बांधून ठेवले. सकाळी प्रतिबंधक कारवाईचा कागद झाला आणि दुपारी 'घाटीला घेऊन जा' म्हणून सोडून दिले. घाटीतल्या मानसोपचार विभागात गोळ्या सुरू झाल्या. पाचव्या-सहाव्या आठवड्याला माणूस पुन्हा मुलाला सायकलवर बसवून शाळेत आणून सोडू लागला. म्हणजे आजार बरा होण्यासारखा होता.

बरे झाले नाही ते वेगळेच. नव्या ठेकेदाराने गेटपाससाठी पोलीस पडताळणीचा दाखला मागितला. तिथे त्या रात्रीची नोंद आडवी आली. गुन्हा नाही, शिक्षा नाही, पण 'नोंद आहे'. घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. आणि माझ्या वर्गात मधल्या सुटीत पोरे त्या मुलाला चिडवू लागली. 'पागल का बेटा' म्हटले असते तर मी समजू शकले असते, दोन धपाटे घालून गप्प केले असते. पोरे त्याला 'चोर का बेटा' म्हणत होती. कारण पोलीस चोरालाच पकडतात, हे पोरांचे साधे गणित आहे, आणि मोहल्ल्यातल्या मोठ्यांचेही.

दाखल्यासाठी अर्ज लिहून द्या म्हणून त्याची बायको माझ्याकडे आली, तेव्हा मी हा कायदा पहिल्यांदा वाचला. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यात फ्रॉइड होता, पियाजे होता. रात्री अकरा वाजता गल्लीत सळई घेऊन उभ्या राहिलेल्या बापाचे काय करायचे, हे कोणत्याही युनिटमध्ये नव्हते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याआधी १९८७ चा कायदा होता आणि त्याच्याही आधी इंग्रजांचा १९१२ चा. त्या इंग्रजी कायद्याच्या नावातच 'ल्युनसी' होती. माणसाला वेडा ठरवायचे आणि कुलपात घालायचे, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. नवा कायदा वेगळा आहे, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. जे कागदावर इतके स्वच्छ लिहिले आहे ते आमच्या गल्लीपर्यंत सात वर्षांनंतरही पोहोचत नाही.

कलम १०० पोलिसांविषयी आहे. मनोरुग्ण वाटणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला, किंवा आजारामुळे स्वतःला वा दुसऱ्याला इजा करील असे वाटले, तर पोलिसाने त्याला संरक्षणात घ्यायचे. शब्द नीट पाहा. संरक्षणात घ्यायचे, अटकेत नव्हे. त्याला का घेतले ते सांगायचे, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. आणि पुढचे वाक्य तर मी त्या बाईला दोनदा वाचून दाखवले. अशा माणसाला कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही कारणाने ठेवता येणार नाही. तिने विचारले, 'मॅडम, बाक के पाये को बांधना, ये लॉकअप में आता क्या?' मला उत्तर देता आले नाही. साखळीने बांधण्यावर कलम ९५ ची बंदी आहे, पण ते उपचारांच्या संदर्भात. बाकाच्या पायाचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नसावा.

आता कलम ९४ पाहा. त्याविषयी कोणी बोलतच नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करण्याच्या बेतात असेल, मालमत्तेचे मोठे नुकसान होत असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी साधा एमबीबीएससुद्धा, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घेऊन. आणि या तातडीच्या उपचारांत रुग्णाला जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात पोहोचवणेही धरले आहे. म्हणजे भिंती ठोकणाऱ्या माणसाकडे पोलिसाऐवजी उपचार करणारी माणसे जाऊ शकतात, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. त्या रात्री १०८ ला फोन करावा असे कोणाच्या डोक्यात आले नाही. रुग्णवाहिका हृदयविकाराला, बाळंतपणाला, अपघाताला. डोक्याच्या आजाराला जीप! हे कोणी शिकवले आपल्याला?

चौथा माणूस कोण, ते आता सांगते. आपल्याकडे 'समाजसेवक' म्हटले की फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला, पांढऱ्या कपड्यांतला, नगरसेवक होण्याच्या वाटेवरचा इसम डोळ्यांपुढे येतो. तो मला अभिप्रेत नाही. मी म्हणते तो एम.एस.डब्ल्यू. झालेला, मनोरुग्णांशी बोलण्याचे, घरच्यांना धीर देण्याचे, औषध सुटू न देण्याचे शिक्षण घेतलेला समाजकार्यकर्ता. ही माझी कल्पना नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून. जिल्ह्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिकेबरोबर असा समाजकार्यकर्ता असावा, हे त्या कार्यक्रमातच लिहिले आहे. २०१७ च्या कायद्याने तर त्याची व्याख्याही केली. व्याख्या झाली, पद झाले. फक्त रात्री अकरा वाजता त्याला बोलवायचे कसे, हे कोणी ठरवले नाही.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप मोहल्ल्यातूनच आला. हातात सळई असलेल्या माणसासमोर एम.एस.डब्ल्यू. झालेली पोरगी पाठवणार का? मरेल ना ती! या आक्षेपात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण पोलीस येऊच नये असे मी कुठे म्हणते? गल्लीच्या तोंडाशी जीप उभी असू द्या. प्रश्न एवढाच आहे की त्या माणसाशी पहिले वाक्य कोणी बोलायचे. खाकी कपड्यांतल्या माणसाने 'सळई टाक' म्हणायचे, की साध्या कपड्यांतल्या कुणीतरी दहा पावलांवर खाली बसून विचारायचे, 'भाईजान, कितने दिन से सोए नहीं?' पहिले वाक्य चुकले की पुढची सगळी रात्र चुकते. वर्गात रोज हा अनुभव घेतो आपण. चिडलेल्या पोरावर ओरडले की ते बाक उलथवते, जवळ बसले की रडते.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात यूजीन नावाचे गाव आहे. तिथे व्हाइट बर्ड क्लिनिक नावाच्या संस्थेने १९८९ साली 'काहूट्स' नावाची सेवा सुरू केली. मनाच्या संकटाचा फोन आला की एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशक अशी दोघांची गाडी जायची, हत्यार नाही, गणवेश नाही. २०१९ च्या आकड्यांनुसार त्यांच्या हजारो फेऱ्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी वेळा त्यांना पोलिसांची मदत मागावी लागली. छत्तीस वर्षे चाललेली ही सेवा एप्रिल २०२५ मध्ये त्या गावात बंद पडली, पैशांअभावी. लगेच म्हणू नका, 'बघा, तिथेही चालले नाही.' छत्तीस वर्षे चालले. पैसे संपले, कल्पना नाही संपली. तिचे पाहून डेन्व्हर शहराने जून २०२० मध्ये तशीच सेवा सुरू केली. अमेरिकेच्या पोलिसांच्या गोळीने मेलेल्या मनोरुग्णांची नावे अमेरिकेला पाठ आहेत. आपल्याकडे गोळी नसते, काठी असते, म्हणून आपण नावे पाठ करत नाही.

पण मला अमेरिकेचे उदाहरण देऊन तुम्हाला दिपवायचे नाही. आपल्याच महाराष्ट्रात हे करून झाले आहे! १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईशी आधी बोलणार समाजकार्यकर्ती, मग गरज असेल तर पोलीस. कक्ष पोलिसांच्या आवारात, पण माणसे पोलीस खात्याची नव्हेत. तेव्हाही म्हटले गेले असेलच की घरगुती भांडणात या शिकलेल्या पोरी काय करणार. काम इतके पटले की २००५ पासून राज्याच्या महिला व बालविकास खात्याने ते आपल्याकडे घेतले आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. दुसरे उदाहरण तर आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आहे, १०९८. लहान मुलांसाठीची ही फोनसेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, तीही टाटा संस्थेच्याच अंगणात. फोन केला की पोलीस नाही, कार्यकर्ता यायचा. २०२३ पासून ती सरकारने आपल्या हाती घेऊन ११२ शी जोडली. मारखाऊ बाईसाठी चालते, हरवलेल्या मुलासाठी चालते, मग मनाने हरवलेल्या माणसासाठीच का चालत नाही?

'आमच्याकडे माणसे कुठे आहेत?' हे सरकारचे पेटंट उत्तर. निमहन्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहा टक्क्यांहून थोडे अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत असे दिसले. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. शेंद्र्याहून येरवडा सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. जालन्याला मनोरुग्णालय मंजूर झाल्याची घोषणा झाली, तेव्हा मी वर्गात पेढे वाटायच्या बेतात होते. पण खाटा कितीही वाढल्या तरी गल्लीपासून खाटेपर्यंत माणसाला न्यायचे कोणी, हा प्रश्न तिथेच राहतो. आणि माणसे नाहीत हे खरेही नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली सरकारने प्रेरणा प्रकल्प आणला, मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा. आशाताई घरोघर जाऊन प्रश्न विचारू लागल्या, झोप लागते का, जीव नकोसा वाटतो का. म्हणजे सातबारा असलेल्याच्या दारात मनाची चौकशी करायला बाई जाऊ शकते. गेटपास असलेल्याच्या दारात नाही! शिवाय एम.एस.डब्ल्यू. केलेली किती मुले आमच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या कामगारांची हजेरी लिहीत बसली आहेत, ते एकदा येऊन पाहावे. रात्रपाळीला जिल्ह्यात अशा दोन गाड्या आणि चार माणसे, एवढीच मागणी आहे. ऑरिकच्या एका चौकातल्या दिव्यांचे बिल याहून जास्त येत असावे, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, कोणी अंगावर येऊ नये.

आता परभणी. हा विषय काढू नका, असे मला दोघा-तिघांनी सांगितले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसाने नासधूस केली. लोकांनी त्याला धरून पोलिसांच्या हवाली केले. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये हिंसा झाली, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या मृत्यूबद्दल पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. यातले मला जे सांगायचे आहे ते वेगळे आहे. नासधूस करणारा मनोरुग्ण आहे, असे सरकारतर्फे विधिमंडळात सांगण्यात आले. लोकांनी विश्वास ठेवला का? बहुतेकांनी नाही ठेवला. त्यांना ती पळवाट वाटली. का वाटू नये? आयुष्यभर ज्या खात्याने आजाऱ्याला गुन्हेगारासारखे वागवले, त्याच्या तोंडी अचानक 'बिचारा आजारी आहे' हे वाक्य आले तर ते खोटेच वाटणार. तो माणूस खरोखर आजारी असेलही. पण आजार ठरवण्याचे काम पोलिसांच्या तोंडून होत असेल, तर खरे निदानसुद्धा सबब होऊन बसते. संकटात वेगळी, बिनगणवेशाची माणसे हवीत याचे मला याहून मोठे कारण सापडत नाही.

आणि आपण कोण आहोत हेही विसरून चालणार नाही. परभणीचाच ख्वाजा युनूस. इंजिनिअर पोरगा, २००३ साली पोलिसांच्या ताब्यात असताना गेला तो परत आलाच नाही. मराठवाड्यातल्या मुस्लिम आईला हे नाव माहीत आहे. म्हणून घरात मुलाचे डोके फिरले तर ती शेवटच्या क्षणापर्यंत फोन करत नाही. कोंडून ठेवते, बांधून ठेवते, भाकरी दाराखालून सरकवते. लोक म्हणतात, मुसलमान अंधश्रद्ध आहेत, दवाखान्यात नेत नाहीत. अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे आहे की दवाखान्याच्या वाटेवर ठाणे लागते. आमच्या दलित बांधवांना आणि पारध्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण अर्धे खरे आहे म्हटले, ते गिळून कसे चालेल? ६ ऑगस्ट २००१. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी. दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांची 'होम्स' थाटलेली. त्यातल्या एकाला पहाटे आग लागली. बहुतेकांना पळता आले नाही, कारण ते साखळदंडाने बांधलेले. २८ जण जळाले. साखळी पोलिसांनी घातली नव्हती. बरकतीच्या आशेने आलेल्यांना आपल्याच लोकांनी घातली होती. त्यानंतरही मी आमच्या भागातल्या दर्ग्यांवर दोरखंडाचे वळ असलेले हात पाहिले आहेत. मिरचीची धुरी देणारा आमिल २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरतो. अनुसूचीत ती धुरी शब्दशः लिहिलेली आहे. पण आमचे बुजुर्ग म्हणतात, तो कायदा 'त्यांच्यासाठी' आहे. आणि हे आपल्यापुरतेच आहे असेही नाही. इथेच शेंद्रा कमंगरला चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेत पाठीत गळ टोचून घेणारे लोक मी लहानपणी पाहिले आहेत. दुःखाला डॉक्टर सापडत नाही तेव्हा माणूस शरीराला भोक पाडून घेतो.

जलशात मात्र आपले वक्ते छाती पुढे काढून सांगतात की जगाला रुग्णालय आम्ही दिले. दमास्कसचा ११५४ चा नूरी बिमारिस्तान, कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये बांधलेला मन्सूरी. खरे आहे ते. कैरोच्या त्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळे दालन होते आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालत असे. मग माझा साधा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचे मुख्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीला आहे. मराठवाड्यात वक्फच्या जमिनी किती, ते मी सांगायला नको, त्यावर कोणाकोणाची दुकाने आहेत हेही नको. सातशे वर्षांपूर्वी कैरोला सुचले ते आपल्याला का सुचू नये? एका मिळकतीवर चार खोल्या. रात्री घाबरलेल्या माणसाला आणि त्याच्या आईला बसायला जागा, एक कार्यकर्ता, एक परिचारिका, गरम चहा. सकाळी घाटी. एवढे मागितले तर मला एका प्रतिष्ठिताने विचारले, 'मॅडम, इसमें सवाब क्या है?' मी त्यांना उत्तर दिले नाही. त्यांच्या घरीही एक बंद खोली आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

दर्गा बंद करा, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर आपल्याकडची हजारो माणसे जातात. तिथे २००८ च्या सुमारास 'दवा आणि दुआ' नावाचा प्रकल्प सुरू झाला. मुजावरांना आजार ओळखायला शिकवले, आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसवला. मुजावर दुआ करतो आणि पलीकडच्या खोलीकडे बोट दाखवतो. कोणाच्या इमानाला धक्का लागला नाही. आपल्या आमिलांनी हे केले तर मी स्वतः त्यांना सलाम करीन.

एक भीती तेवढी काढून टाकली पाहिजे. सून फिनेल प्यायली, मुलाने दोरी घेतली, तर 'केस होईल' म्हणून लपवतात. २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम म्हणते की असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे मानावे, त्याला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचे ते जुने ३०९ कलमच राहिले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. हे मी पालकसभेत सांगितले तेव्हा मागे बसलेली एक आजी उठून बाहेर गेली. नंतर कळले, तिची मुलगी चार वर्षांपूर्वी दवाखान्यात न नेल्याने गेली होती.

१४४१६ हा टेलिमानसचा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मी तो शाळेच्या भिंतीवर १०९८ च्या खाली रंगवून घेतला. त्या मुलाने विचारले, 'मॅडम, इस नंबर पे पोलीस तो नहीं आती ना?' मी म्हटले, 'नहीं बेटा, कोई नहीं आता. फोन पे बात करते.' बोलणारे असतात हेही काही थोडे नाही. पण सळई हातात घेतलेला माणूस फोन घेत नाही.

म्हणून आम्ही शिक्षक-पालकांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला आहे. औद्योगिक वसाहतीच्या भागासाठी मनोरुग्णांच्या संकटाला रात्रीही धावून जाणारे पथक द्यावे, त्यात समाजकार्यकर्ता असावा, ११२ वर असा फोन आला तर तो आधी त्या पथकाकडे वळवावा, पोलिसांनी कायद्याच्या ३० व्या कलमात सांगितलेले प्रशिक्षण घ्यावे, आणि आजारपणातल्या रात्रीची नोंद पडताळणीच्या दाखल्यात येऊ नये. सह्या घ्यायला मी तीन जुम्मे फिरले. घरमालकाने सही केली नाही. ते आमिलसाहेब भेटले, त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही करताना म्हणाले, 'दुआ भी रहने दो इसमें'. मी हो म्हटले. मग त्या रात्री जीपमधून उतरलेल्या दोघांपैकी एक हवालदार चहाच्या टपरीवर दिसले. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी केली, परत दिला. म्हणाले, 'मॅडम, मी सरकारी नोकर, मला सही करता येत नाही. पण हे लवकर करा. आम्हाला त्यातले काही शिकवलेले नाही.'